नंबर पडलेली झाडं

सर रागावले की शुद्ध मराठी बोलत.

एरवी त्यांची बोली वऱ्हाडी, आणि ती बदलायला त्यांना आयुष्यभरात एकही कारण सापडलं नव्हतं. वर्गात वऱ्हाडी, सभेत वऱ्हाडी, विद्यापीठातून तपासणीला आलेल्या समितीपुढेही "मले असं वाटते" हेच. पण कोणी खोटी नोंद केली, किंवा जिवंत झाडाला पाटीसाठी खिळा ठोकला, की सरांच्या तोंडून 'आपण' बाहेर पडे. "आपण कृपया बाहेर उभे राहावे." त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात, की वर्गात "लेका, गाढवा" चालू असेपर्यंत कोणी घाबरत नसे. 'आपण' ऐकू आलं की मागच्या बाकांवर कुजबुज व्हायची, "सरचं शुद्धलेखन सुरू झालं बे."

माझी त्यांची गाठ पडली तेव्हा मी यवतमाळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. या पद्धतीतल्या तासिका मला समजल्या, तत्त्व कधी समजलं नाही. उन्हाळ्यात तासिका नसतात, तेव्हा तत्त्वही सुट्टीवर जातं. सर त्याच कॉलेजातून वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बाहेरच्या एका संस्थेनं त्यांना केळापूर आणि झरी जामणी या तालुक्यांतली झाडं मोजायचं काम दिलं होतं, आणि लिहून घ्यायला त्यांना माणूस हवा होता.

"झाडं वळखता येतात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"ऱ्हस्व-दीर्घ?"

"येतं."

"मंग या. झाडं मले येतात."

वनस्पतिशास्त्राची मुलं सोडून मला का घेतलं, असं मी पुढे एकदा विचारलं. ते म्हणाले, "थोडं येणारा माणूस सांगितलेलं लिहीत नाही, त्याले जे वाटते ते लिहिते. तुमाले काहीच वाटत नाही. हे फार चांगलं हाय." माझ्या आजवरच्या नोकऱ्यांत माझ्या अज्ञानाचं इतकं मोकळं कौतुक दुसऱ्या कोणी केलेलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला 'मराठीबाई' अशी हाक मारायला सुरुवात केली. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

काम ऐकायला सोपं होतं. शेतीच्या मुलखात झाडं कुठेकुठे उभी आहेत, आणि कुठे कोणती, ते पाहायचं. जंगलात किती जातींची झाडं, नाल्याच्या काठाला किती, गावठाणात किती, गुरं चरतात त्या ई-क्लासच्या जमिनीत किती, आणि धुऱ्यावर किती. धुरा म्हणजे दोन शेतांमधली नांगर न लागणारी पट्टी. आमच्याकडचं निम्मं वैर आणि निम्मी झाडं या पट्टीवर उगवतात. म्हणून सरांचा पहिला नियम असा होता: "झाडाचं नाव इचारा. मालक इचारू नका." धुऱ्यावरच्या झाडाचा मालक विचारला, की दोन्हीकडून माणसं येतात आणि झाड मोजायचं राहून जातं.

दुसरा नियम त्यांचा एकट्याचा होता. जे झाड मोजायचं, त्याच्या सावलीत ते बसत नसत. एप्रिलच्या उन्हात, सगळं रान तापलेलं असताना, हा माणूस भल्यामोठ्या चिंचेचा घेर मोजायचा आणि मग चार पावलं दूर जाऊन उन्हात डबा उघडायचा. मी सावलीतून हाक मारली की म्हणायचे, "परीक्षा घेणाऱ्यानं पोराच्या घरचा चहा पिऊ नये." झाड सरांना चहा पाजून स्वतःचा घेर वाढवून घेईल, अशी मला काही भीती वाटत नव्हती. मी सावलीतच जेवत असे. त्याबद्दल त्यांनी मला कधी टोकलं नाही. लेखनिकाला लाच घ्यायची मुभा असावी.

आमच्यात तिसरे होते रज्जाकभाई. पांढरकवड्याच्या हमरस्त्यावर ट्रक रंगवायचा त्यांचा धंदा. काही वर्षांनी परत येऊन हीच झाडं पुन्हा मोजायची होती, म्हणून प्रत्येक झाडावर पांढऱ्या रंगात नंबर घालायचा होता, आणि हे काम सरांनी जिल्ह्यातल्या सगळ्यात हौशी हातात दिलं. रज्जाकभाईंना साधा आकडा काढता येत नसे. सात काढला तर त्याला निळी सावली, आठ काढला तर त्याच्या पोटात ठिपका, आणि मोठं झाड मिळालं तर आकड्याखाली एक छोटं फूल.

"रज्जाकभाई, हे झाड हाय. ट्रक नोहे."

"सर, नंबर सिंपल अच्छा नै लगता. इत्ता बडा पेड, उसकी भी कुछ इज्जत है."

सर टेप गुंडाळत पुढच्या झाडाकडे जात, आणि मागच्या झाडाला फूल मिळत असे.

आमची मोजणी रेषेवरून चाले. नकाशावर एक सरळ रेषा मारायची, जमिनीवर दोरी टाकून त्या रेषेनं चालत जायचं, आणि दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरात येईल ते झाड मोजायचं. इतर लोक अशी रेषा थोडी वाकवतात. मध्ये विहीर आली, कुत्रं आलं, तर वळसा घालतात. सरांची रेषा वाकत नसे. पांढरकवड्याजवळच्या एका गावात ती थेट एका घरावर गेली. मला वाटलं, आता तरी वळतील. सर दोरीचं टोक धरून उंबऱ्याशी उभे राहिले. आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली एक बाई तांदूळ निवडत बसलेली.

"जय भीम, ताई. आमची रेषा तुमच्या घरातून जाऊन राह्यली."

"कायची रेषा?" ती एकदम उठली. "रस्ता होऊन राह्यला का इथून?"

"रस्ता नाही. झाडं मोजून राह्यलो."

"घरात कायचं झाड, सर?"

सरांनी मान वर करून छप्पर पाहिलं. "आडं सागाचं हाय. पण मेलेलं आमी मोजत नाही."

बाईनं आढ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि ताट खाली ठेवलं. "मंग च्या घेऊन जा. तुमी तं जित्ते हा ना?"

चहा घेऊन आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो. मागे शेवगा निघाला. सरांना इतका आनंद झाला, की जणू रेषेनंच तो हुडकून काढला होता.

या मोजणीतल्या पाच जागांखेरीज सरांनी स्वतःची एक सहावी जागा धरली होती, ती म्हणजे व्यासपीठ. हल्ली पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी रोप देतात. सरांनाही पर्यावरणाच्या कार्यक्रमांना बोलावत, आणि ते जात. "नमुना घ्यायले" जात. एकदा तालुक्याच्या एका समारंभात मी सोबत होते. चार वक्ते वृक्षांवर बोलले, एकानंही एका झाडाचं नाव घेतलं नाही. शेवटी सरांच्या हातात कुंडी आली. त्यांनी पान उलटून पाहिलं, खोडाला बोट लावलं, आणि माईकवर म्हणाले, "हे शोभेचं ताड हाय. हे इकडचं नाही. याले इथं काहून आणलं, हे यालेही माहीत नाही. मी घरी नेतो, पाणी देतो, पण सत्कार त्याचा झाला असं समजा." परत येताना जीपमध्ये मला म्हणाले, "लिहा मराठीबाई. व्यासपीठ. जाती, एक. उगवलेलं झाड, शून्य." मी लिहिलं. अहवालात ते गेलं नाही, पण त्या अहवालातलं मला अजून तोंडपाठ असलेलं वाक्य तेवढंच आहे.

माझ्यावर त्यांचं ऋण आहे ते असं. मी मराठीत एम. ए. झाले होते, आणि माझ्या मराठीत वड, पिंपळ, आंबा, चिंच आणि 'झाडी' इतकीच झाडं होती. गुलमोहर होता, पण तो कवितेतला. सरांच्या मागे दोरी ओढत फिरताना धुऱ्यावर हिवर भेटला. नाल्याला कळम भेटला. खडकाळ उतारावर धावडा, मोई, सालई, तिवस. प्रत्येक नाव ते दोनदा उच्चारत, एकदा माझ्या वहीसाठी, एकदा झाडाकडे पाहून. गावागावांत नाव बदलायचं. कोलामांच्या वस्तीवर, पोडावर वेगळं, तांड्यावर वेगळं. सर सगळी लिहायला लावत. "कोणतं बरोबर?" असं मी विचारलं की म्हणत, "ज्या गावात उभं हाय त्या गावचं." आज मी वर्गात निसर्गकविता शिकवते तेव्हा कवीनं नुसतं 'तरू' म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, कोणता? मुलांना वाटतं मॅडम खवचट आहेत. ती सरांची देणगी आहे.

पण मला सांगायचं आहे ते मोहाच्या झाडाबद्दल.

झरी जामणीकडे एका तांड्याच्या शिवारात दोन चुलत घरांच्या शेतांमध्ये धुरा होता, आणि त्या धुऱ्याच्या बरोबर मध्यावर एक म्हातारा मोह. एका बाजूचं शेत देविदासचं. दुसऱ्या बाजूचं त्याच्या विधवा काकीचं. आम्ही गेलो तेव्हा मोहाची फुलं गळत होती. काकीनं झाडाखालची जमीन झाडून लख्ख केली होती आणि टोपली घेऊन वेचत होती. तिनं आम्हाला पाणी दिलं, टेप धरायला मदत केली. झाड मोठं, त्यामुळे रज्जाकभाईंनी जीव ओतून नंबर काढला. सावली घातली, फूल काढलं. काकी वेचता वेचता थांबून ते बघत राहिली. तिला ते आवडलं, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाल्याच्या काठाला मोजत होतो. काकी तेवढं अंतर पायी चालत आली. सरांपुढे उभी राहिली, पदर सारखा केला.

"सर, म्हातारं माणूस हाव मी. एक मागू?"

"मागा ना, बाई."

"फुलं सरू द्या. मंग तोडा."

सरांनी टेप खाली घेतला. "काय तोडाचं?"

"मोह. तुमी नंबर टाकला ना त्याले."

सरांनी तिला समजावून सांगितलं. हा नंबर मोजणीचा, तोडण्याशी याचा संबंध नाही, पुढे पुन्हा येऊन घेर पाहायचा, म्हणून खूण. काकीनं सगळं ऐकून घेतलं, साहेबलोकांचं ऐकतात तसं, मान हलवत. मग म्हणाली, "हो सर. पण फुलं सरू द्या."

तिचा नवरा जन्मभर जंगलखात्याच्या कूपात तोडीला जात होता. कूप म्हणजे त्या वर्षी तोडायला काढलेला जंगलाचा तुकडा. साहेब यायचे, खोडांवर नंबर घालून जायचे, आणि मागून कुऱ्हाडी यायच्या. "नंबर पडला की झाड पडते," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. "देविदास माणसं आनाले गेला सकाळीच. म्हून म्हटलं, सरले इचारून पाहू."

आम्ही तिला जीपमध्ये घेतलं आणि निघालो. वाटेत रज्जाकभाई एकदा पुटपुटले, "मैंने तो उस पे फूल भी बनाया था."

शेतावर दोन माणसं दगडावर कुऱ्हाडीला धार लावत बसली होती. झाडाच्या बुंध्याशी नारळ ठेवलेला. देविदास आम्हाला पाहून पुढे आला आणि त्यानं सरांचे पाय धरले.

"सर, लय उपकार झाले. तोडायच्या परवानगीचा अर्ज केव्हाचा दिलता म्या. इकडून तिकडं, तिकडून इकडं. कोणी ढुंकून पाह्यलं नाही. तुमी आले, काही न मागता नंबर टाकला. असा साहेब नाही पाह्यला."

मला त्याचा रागच येईना. सरकार आपण होऊन आपल्या शेतावर आलं, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं. ते सरकार म्हणजे आम्ही तिघं होतो, हा त्याचा दोष नव्हता.

"हा नंबर तोडायचा नाही, देविदासभाऊ," सर म्हणाले.

"मंग कायचा?"

"मोजायचा."

"मोजून काय करता?"

"लिहून ठेवतो."

"अन् मंग?"

"काही वर्षांनी येऊन पुन्हा मोजतो."

"तवरोक झाड राह्यलं नसलं तं?"

"तं तसं लिहितो. नाही म्हणून."

"मंग तोडलं तरी तुमचं काम कुठी अडते, सर?" देविदासनं अगदी अदबीनं विचारलं. "असलं तं हाय लिहा. नसलं तं नाही लिहा."

मी पुष्कळ चर्चासत्रं ऐकली आहेत. इतका नेमका प्रश्न कोणी विचारलेला मला आठवत नाही. आणि तो बरोबर होता. सर वर्षानुवर्षं हेच शिकवत आले होते: मोजणाऱ्यानं हात लावायचा नाही. जे आहे ते लिहायचं, जे गेलं ते गेलं म्हणून लिहायचं. झाडाच्या सावलीत न बसणारा माणूस झाडाची बाजू कशी घेणार?

कापूस पिकवणाऱ्या देविदासचीही बाजू होती. "चार ओळी पऱ्हाटीच्या दरसाल सावलीत मरतात. काकीले फुलं भेटतात, तेलाले टोळं भेटतात. मले काय भेटते? सावली. पऱ्हाटी सावलीत वाढत असती तं म्याच दहा मोह लावले असते."

"मी काय म्हनून राह्यली," काकी मागून म्हणाली. "फुलं सरू दे."

"काकी, माणसं आज आली. पुन्हा येनार हायत का?" मग तो सरांकडे वळला. "सर, तुमी मले भुलवू नका. म्याबी कूपात गेलतो. राखून ठेवाचं झाड असतं तं त्याले पट्टा मारत. अंगभर गोल पट्टा. ज्याले पाडाचं त्याले नुसता नंबर. इथं पट्टा कुठी हाय, सांगा?"

पट्टा नव्हता. नंबर होता, निळी सावली होती, आणि खाली फूल होतं. आमच्या पद्धतीत त्याचा अर्थ 'हे झाड आहे' असा होता. त्या मुलखाच्या वाचनात त्याचा अर्थ 'हे झाड नाही' असा होता. आणि दोन्ही तालुक्यांत, धुऱ्याधुऱ्यावर, आम्ही सुवाच्य अक्षरात हेच लिहीत आलो होतो.

सर त्या नंबराजवळ गेले. मग म्हणाले, "रज्जाकभाई, आपण कृपया रंगाचा डबा आणावा."

रज्जाकभाई जीपकडे पळाले. तो 'आपण' त्यांच्यासाठी नव्हता. कोणासाठी होता ते मी विचारलं नाही.

ब्रश सरांनी स्वतः घेतला. छातीच्या उंचीवर, आम्ही घेर मोजतो तिथेच, टेकवला आणि झाडाभोवती फिरायला सुरुवात केली. सरांना रंगवण्याची सवय नव्हती. पट्टा कुठे जाड, कुठे बारीक होत गेला, रंगाचे ओघळ खाली आले, वरून गळणारी फुलं ओल्या रंगाला चिकटली. रज्जाकभाईंना पाहवेना. "सर, लाओ मैं कर देता." "नको." झाडाला पूर्ण वेढा घालून सर परत नंबराशी आले तेव्हा पट्ट्याची दोन टोकं जुळली नाहीत, एक वर, एक खाली राहिलं. त्यांनी ती ब्रशानं कशीतरी ओढून एक केली.

"हे सरकारी हाय का?" देविदासनं विचारलं.

"नाही. माह्यं हाय."

"तुमी कोण?"

"ज्यानं नंबर टाकला तो."

देविदास विचारात पडला. कूपाच्या कायद्यात हे बसत होतं. नंबर घालणारा साहेबच पट्टा मारतो. तिसऱ्या कोणाला तो अधिकार नसतो. त्यानं नारळ उचलला, धार लावणाऱ्या माणसांना "चला" म्हणाला, आणि जाता जाता वळून सरांना म्हणाला, "मघाशी उपकार म्हटलं होतं म्या. ते वापस घेतो."

"घ्या," सर म्हणाले. "बरोबर हाय तुमचं."

काकीनं आभार वगैरे मानले नाहीत. ती खाली बसून वेचायला लागली. रंग लागलेली फुलं तिनं बाजूला टाकली. थोड्या वेळानं वर न बघता विचारलं, "फुलं सरली तरी?"

"सरली तरी," सर म्हणाले.

त्यानंतरचा सगळा उन्हाळा आम्ही मागे फिरलो. जिथे जिथे नंबर घातला होता तिथे तिथे जाऊन पट्टा मारला. एका झाडाला मारून चालणार नव्हतं. बाकीच्यांवर आम्ही घातलेला नंबर तसाच होता. सरांना विलायती बाभळीचा मनस्वी तिटकारा. परदेशातून येऊन नाले बळकावणारी ही बया त्यांच्या मते झाडांतली पुढारी होती. तिलाही पट्टा मारला. मी म्हटलं, "हिला तरी सोडा." ते म्हणाले, "नंबर टाकताना सोडलं नाही. आता कसं सोडू?" दोन झाडं मात्र आमच्या आधीच गेली होती. एक हिवर, एक बोर. दोन्ही ठिकाणी सर ताज्या तोडलेल्या बुंध्याशी उभे राहिले आणि मला म्हणाले, "लिहा, नाही म्हणून." आवाज नेहमीचाच होता. मी लिहिलं.

पावसाळ्याआधी त्या संस्थेचे मार्गदर्शक काम पाहायला आले. पुष्कळ खिशांचं जाकीट, गळ्यात दुर्बीण, आणि प्रत्येक वाक्याआधी एक छोटा विराम. मी त्यांच्यावर हसायची पूर्ण तयारी ठेवली होती, पण त्यांनी ती संधी दिली नाही. पट्टे पाहून त्यांनी कारण विचारलं, सरांनी सांगितलं, आणि ते म्हणाले, "सर, मग आता ही झाडं इतरांसारखी राहिली नाहीत. तुम्ही मोजली म्हणून ती वाचणार. पुढच्या फेरीत कळायचं होतं की या मुलखात झाडं किती टिकतात. आता कळेल ते फक्त तुमच्या रंगाबद्दल."

"हो," सर म्हणाले. "बरोबर हाय तुमचं."

"म्हणजे पुढची फेरी या झाडांवर करता येणार नाही."

"नाही येणार."

"नवी झाडं घ्यावी लागतील. कदाचित दुसरे लोक." विराम. "तुम्हाला हे आधी लक्षात आलं नव्हतं का?"

"पट्टा मारतानाच आलं होतं," सर म्हणाले.

ती पुढची फेरी म्हणजे सरांचं उरलेलं आयुष्य होतं. निवृत्तीनंतर त्यांनी दुसरं काही हाती घेतलं नव्हतं, आणि घ्यायचंही नव्हतं. मार्गदर्शकांची गाडी गेली. आम्ही तेव्हा त्याच धुऱ्यावर होतो. सरांनी जीपमधून जेवणाचा डबा काढला, चालत मोहाखाली गेले, आणि बुंध्याला पाठ टेकून बसले. मी बघतच राहिले.

"या मराठीबाई," ते म्हणाले. "परीक्षा रद्द झाली. आता बसायले हरकत नाही."

खोटं सांगत नाही, भाजी वांग्याची होती आणि ती त्यांनी चवीनं खाल्ली. खाऊन झाल्यावर वर फांद्यांत पाहत म्हणाले, "चांगली सावली हाय बाप्पा. देविदासची पऱ्हाटी मरन नाही तं काय होईन."

पुढे आमची गाठ कमी होत गेली. मला बाभुळगावला कायमची नोकरी लागली. सर दोन वर्षांपूर्वी गेले, झोपेत, कोणाला त्रास न देता.

मागच्या निवडणुकीत माझी ड्यूटी योगायोगानं त्याच तांड्याच्या शाळेत लागली. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी हातात वेळ होता म्हणून शिवारात गेले. जागोजागी पट्टे दिसले. आमचे काही होतेच, पण आमच्या रेषेच्या कितीतरी बाहेर, ज्या झाडांना आम्ही कधी नंबर घातला नव्हता, त्यांनाही पट्टे. निळे, पिवळे, एक चुन्याचा. एक विजेच्या खांबालासुद्धा होता.

मोह उभा होता. त्याचा पट्टा पांढरा, ताजा होता. खाली देविदास बैल बांधत होता. केस पिकले होते, पण ओळख पटली.

"हे बाकीचे पट्टे कोणी मारले?" मी विचारलं.

"ज्याले त्याले," तो म्हणाला. "मले त्या शेजारच्या सोमलाच्या धुऱ्यावरची बाभूळ तोडाची होती. तं त्यानं जाऊन पट्टा मारला. मंग म्या त्याच्या निंबाले मारला. आता कोणी कोणाचं तोडू शकत नाही. साऱ्या शिवारात नुसती सावली होऊन बसली, मॅडम."

"काकी?"

"काकी गेली. तीन पावसाळे झाले."

"मग हे तर तोडता आलं असतं."

"कसा तोडू? पट्टा हाय ना."

"तो पुसट झाला असेल एव्हाना."

"झालता. म्हून तं पुन्हा मारला." त्यानं जणू मीच अडाणी असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग एकदम चिडून म्हणाला, "चार ओळी मरतात अजून. दरसाल पेरणीले इथं उभा राहून शिव्या देतो म्या त्या सरले. आईवरून, बापावरून. तुमचे सर हायत कसे?"

मी सांगितलं.

तो बैलाचं दावं हातात धरून उभा राहिला. बैलानं शेपटीनं माशी हाकलली.

"मंग यंदा शिव्या कोणाले देऊ?" तो म्हणाला.

"मला द्या," मी म्हटलं.

त्यानं मला वरून खाली पाहिलं आणि मान हलवली. "नाही मॅडम. तुमाले देऊन काय मजा हाय? तुमी तं नुसत्या लिहून घ्यायच्या."